गवंडी बोलावण्याआधी

फैजपूर, सावदा, रावेर, यावल या पट्ट्यात ज्यांच्या दारी चार जनावरे आहेत, ज्यांच्या शेतात केळी आहे, ज्यांची खाणावळ किंवा मंगल कार्यालय आहे, त्या सगळ्यांनी बायोगॅसचा विचार करावा, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. मात्र गवंड्याला बोलावण्याआधी पंधरा दिवस वजनकाटा वापरा. सकाळी गोठ्यातून शेण निघाले की पाटी काट्यावर ठेवा. घरातले खरकटे, भाजीची देठे, पिचलेली केळी सगळे वेगवेगळे तोला आणि कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहा. टाकी केवढी हवी हे तो कागद सांगेल. अनुदान कशाला जास्त मिळते, शेजाऱ्याने केवढी बांधली, व्याही काय म्हणतात, यावरून टाकीचे माप ठरवू नका.

हे इतक्या आग्रहाने सांगायचे कारण आपल्याच गावांत पडून आहे. जुन्या वाड्यांच्या मागे, खळ्यांच्या कोपऱ्यात बंद पडलेले गोबरगॅस अजून दिसतात. लोखंडी ड्रम गंजून चाळण झालेला, खड्ड्यात पावसाचे पाणी, पाइप केव्हाच भंगारात गेलेला. त्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, "भाऊ, गोबरगॅसात काही दम नाही." दम गॅसात होता, गोठ्यात उरला नाही. टाकी बांधली तेव्हा घरात बैलजोडी होती, दोन म्हशी होत्या, एखादी गाय होती. मग ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. म्हशींचे करायला माणूस उरले नाही, मुले पुण्या-नाशकाला गेली. पन्नास किलो शेण मागणाऱ्या टाकीला पंधरा किलो मिळू लागले. ज्योत बारीक झाली, तेवढ्यात सिलिंडर घरपोच येऊ लागला, आणि टाकी सुटली.

तंत्र नवे नाही आणि परके तर मुळीच नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रयगृहात मैल्यापासून गॅस करून त्यावर इंजिन चालवल्याची १८९७ सालची नोंद आहे. १९५६ साली जशभाई पटेल यांनी तरंगत्या ड्रमच्या टाकीचा आराखडा केला. पुढे तो खादी ग्रामोद्योग आयोगाने उचलला आणि देशभर गोबरगॅस म्हटले की तोच ड्रम डोळ्यांसमोर येऊ लागला. १९८४ साली विटांच्या घुमटाचे 'दीनबंधू' मॉडेल आले. त्यात लोखंडाचा ड्रमच नाही, त्यामुळे गंजण्याचा प्रश्न मिटला. आज नवी टाकी बांधणाऱ्याने बहुतेक वेळा हेच मॉडेल घ्यावे. त्याचा घुमट बांधणारा गवंडी मात्र सरावाचा हवा. भिंत कोणीही बांधतो. घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी गॅस तिथून जातो आणि दिसतही नाही.

आता हिशेब. ताज्या शेणाच्या एका किलोपासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २५ किलो शेणाला एक घनमीटर. पाच-सहा माणसांच्या घराला दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला दीड ते दोन घनमीटर लागतो, म्हणून दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण हवे. म्हैस दिवसाला बारा-पंधरा किलो देते, गावठी गाय आठ-दहा. त्यातही जनावर दिवसभर चरायला गेले तर अर्धे शेण रानात पडते, ते धरायचे नाही. चार-पाच जनावरे कायम दावणीला असतील तर शेणावरच्या दोन घनमीटरच्या टाकीचे नाव घ्या. दोनच असतील तर एक घनमीटरवर थांबा.

मिळते काय? एक घनमीटर बायोगॅस म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम एलपीजी, किंवा साडेतीन किलो लाकूड. दोन घनमीटरची टाकी पूर्ण चालली तर १४.२ किलोच्या सिलिंडरएवढा गॅस सोळा-सतरा दिवसांत देते. कागदावर हे महिन्याला पावणेदोन सिलिंडर होतात. प्रत्यक्षात थंडी असते, गळती असते, लग्नाला गेल्यामुळे चार दिवस टाकीत काही पडत नाही. महिन्याला एक सिलिंडर वाचला असे धरून चाला, वर मिळेल ते नफ्यात. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो आणि आखातात काही पेटले की इथल्या वहिनींच्या पोटात गोळा येतो. महिन्याला एक सिलिंडर ही थट्टेची गोष्ट नाही.

"आमच्याकडे शेणच नाही, मग आम्ही काय करावे?" असे फैजपुरात निम्मे लोक विचारतील. त्याचे उत्तर पुण्यात सापडते. डॉ. आनंद कर्वे यांनी 'आरती' या संस्थेत साध्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्यांपासून घरगुती संयंत्र केले. एक हजार लिटरची टाकी खाली, तिच्यात ७५० लिटरची उलटी बसवलेली. २००६ साली त्याला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शेण म्हणजे गायीने चारा पचवून झाल्यावर टाकलेला चोथा. मिथेन करणारे जिवाणू गायीच्या पोटातच असतात आणि चांगले-चुंगले त्यांनी तिथेच खाऊन टाकलेले असते. मग त्यांना पुन्हा चोथाच कशाला खाऊ घालायचा? पिष्ट आणि साखर असलेले काहीही घाला, म्हणजे शिळी पोळी, भात, खराब पीठ, पिकून गळालेली फळे, पेंड. शेणाला महिना-दीड महिना लागतो तिथे या खाण्याचा गॅस एक-दोन दिवसांत सुटतो, आणि वजनही कितीतरी कमी लागते. शेण लागते ते सुरुवातीला, विरजण म्हणून.

पण म्हणून चौघांच्या घरातल्या खरकट्यावर सगळा स्वयंपाक होईल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. घरात दिवसाला दोन किलो ओला कचरा निघाला आणि त्यात भाजीची देठे, कांद्याची टरफले, चहाचा चोथा असले काही असेल, तर शेगडी अर्धा-पाऊण तास चालेल. सकाळचा चहा, दूध तापवणे, एखादी भाजी. एवढ्यावर समाधान असेल तर जरूर करा. नसेल तर बाहेरून काहीतरी आणावे लागेल, आणि आपल्या पट्ट्यात ते काहीतरी म्हणजे केळी.

केळीचे खरे बोलायला हवे, कारण इथे उत्साहाने चूक होते. घड उतरवल्यावर एका हेक्टरात ६० ते ८० टन खोडे उरतात, असा अंदाज कृषी शास्त्रज्ञ देतात. ती बांधावर पडतात, नाल्यात जातात, रस्त्याच्या कडेला कुजतात. ते ढीग पाहून कोणालाही वाटते, अरे, एवढा कच्चा माल! पण खोडात दहातले नऊ भाग पाणी असते आणि उरलेल्यात धागा. अख्खे तुकडे टाकीत टाकले तर धागा वर तरंगतो, त्याची जाड साय धरते, त्याखाली गॅस अडकतो आणि आठवड्याभरात बाहेरची वाट बंद होते. मग बांबू घेऊन ढवळत बसा. घरगुती टाकीत खोड घालू नका. कुट्टी यंत्रातून अगदी बारीक काढले आणि शेणाच्या चौथाईपेक्षा जास्त ठेवले नाही तरच चालते, आणि तेवढी मेहनत रोज कोण करतो? खोडाला दुसऱ्या वाटा आहेत. त्याचा धागा काढता येतो. नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून 'नोव्हेल' नावाचे द्रवखत तयार केले आहे. काहीच जमले नाही तर बारीक करून बागेतच पसरा, जमिनीला सेंद्रिय माल मिळतो. पेटवून तेवढे देऊ नका.

टाकीचे खाणे म्हणजे फळ. वखारीवर गाडी भरताना फण्या कापल्या जातात, काळी पडलेली, चिरलेली, अति पिकलेली केळी बाजूला पडतात. व्यापारी ती घेत नाही, गुरांनाही एका मर्यादेपलीकडे घालता येत नाहीत. किलोला किलो धरले तर असे केळे शेणाच्या दुपटीहून जास्त गॅस देते. दोन म्हशींचे २५ किलो शेण आणि त्यासोबत रोज सात-आठ किलो पिचकी केळी, सालीसकट, पायाने किंवा लाकडी दांडक्याने लगदा करून घातली, तर घराचा दोन्ही वेळचा स्वयंपाक निघायला हरकत नाही. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली की कोवळे घड टनावारी पडतात. त्या वेळी मात्र हात आवरा. टाकी तेवढीच आहे आणि ती रोजचे तेवढेच खाणार. जास्तीचे कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ द्या.

का, ते नीट समजून घ्या, कारण टाक्या बंद पडण्याचे दुसरे मोठे कारण हेच आहे. आत दोन प्रकारचे जिवाणू काम करतात. पहिले गोड-पिठूळ खाऊन आंबट करतात, आणि ते फार वेगाने करतात. दुसरे त्या आंबटाचा मिथेन करतात, पण सावकाश. एकदम पंचवीस किलो केळी ओतली की पहिल्यांचे फावते, टाकी आंबते आणि दुसरे उपाशी मरत नाहीत, तर आंबटाने मरतात. ओळख सोपी आहे. बाहेर येणाऱ्या रबडीला शेणाचा नाही, शिळ्या ताकासारखा वास येतो. घुमटात गॅस भरपूर असतो पण काडी लावली की पेटत नाही, कारण तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. अशा वेळी घाबरून आणखी काही घालू नका. आठ-दहा दिवस खाणे बंद. मग थोडी चुन्याची निवळी, दोन-तीन पाट्या ताजे शेण, आणि पुन्हा थोड्यापासून सुरुवात. टाकी ही दुभत्या जनावरासारखी आहे. एक दिवस उपाशी आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट, हे तिला मानवत नाही.

आता मंगल कार्यालयवाल्यांशी दोन शब्द. आपल्याकडची लग्ने म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टी म्हणजे कणीक, वरण म्हणजे डाळ, वर तूप. बायोगॅसच्या जिवाणूंना पंगत वाढायची म्हटली तरी याहून चांगला बेत सुचणार नाही. तूप-तेलाने तर गॅस जास्तच सुटतो, फक्त त्याचा थर साचू द्यायचा नाही. हजार पानांच्या पंगतीत उष्टे किती निघते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. आज ते कुठे जाते? पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास, नॅपकिन, बट्ट्या सगळे एका ट्रॉलीत आणि ट्रॉली गावाबाहेर. २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच ओला आणि सुका कचरा वेगळा देणे बंधनकारक आहे, पण नियम पाळला जात नाही म्हणून रडण्यापेक्षा वाढप्यांना सांगा. उठलेल्या पंगतीच्या शेवटाला तीन पिंप ठेवा. एकात नुसते अन्न, दुसऱ्यात केळीची पाने, तिसऱ्यात ग्लास आणि कागद. त्या पहिल्या पिंपाची देखरेख करायला एक माणूस पंगत संपेपर्यंत उभा करा. एक चमचा किंवा प्लास्टिकची वाटी आत गेली की पुढे पाइपात अडकणार आहे. लग्नसराईत उष्टे रोज नसते, तिथी असेल त्या दिवशी असते, त्यामुळे कार्यालयाच्या टाकीला मधल्या दिवसांसाठी शेणाची सोय बघून ठेवावी. शेजारच्या गोठ्याशी बोलणी करा. बदल्यात त्याला खत द्या.

वसतिगृहे आणि आश्रमशाळांचे त्याहून सोपे आहे. तिथे उष्टे रोजचे, जवळपास ठरलेले आणि खाणारेही ठरलेले. फैजपूर परिसरात शिक्षणसंस्था कमी नाहीत. सामाईक टाकीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दहा घरांनी मिळून एक टाकी, असला प्रस्ताव ऐकायला गोड वाटतो, पण शेण कोणी घालायचे यावरून वर्षाच्या आत भांडण होते. एक टाकी, एक मालक, आणि रोज खाणे घालणारा एक माणूस. त्या माणसाचे नाव आधी ठरवा. घरात हे काम बहुतेक वेळा बाईच्या गळ्यात पडते. तसे पडणार असेल तर टाकीची जागा, तोंडाची उंची, पाण्याचा नळ कुठे हे तिला विचारून ठरवा.

रोजचे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे. एक पाटी शेण, तेवढेच पाणी, वरच्या हौदात हाताने कालवायचे. हात घालायचाच, कारण काडी, दगड, चिंधी, सुतळी हातालाच लागते. कालवण ताकाहून घट्ट, पिठल्याहून पातळ. मग बूच काढायचे. साबणाचे पाणी, फिनाईल, जनावराला औषधाची सुई दिली असेल त्या दिवसांचे शेण, हे टाकीत जाऊ द्यायचे नाही. लिंबा-संत्र्याच्या सालींचा ढीग, हाडे, अंड्याची टरफले यांनाही तिथे काम नाही. पऱ्हाटी तर मुळीच नाही. लाकूड जिवाणूंना पचत नाही, ते चुलीचेच.

ज्योत निळी असावी. भर उन्हात ती दिसतसुद्धा नाही, तेव्हा तवा ठेवण्याआधी हात जवळ नेऊन खात्री करा. पिवळी, काजळी धरणारी असेल तर शेगडीची हवेची झडप उघडा. ज्योत नाचते, पुडपुड आवाज करते तेव्हा पाइपात पाणी साचलेले असते. पाइपाच्या सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढायची तोटी ठेवून घ्या आणि आठवड्यातून एकदा ती उघडा. सिलिंडरची शेगडी जशीच्या तशी चालत नाही. या गॅसला दाब कमी असतो, मोठ्या छिद्राची बायोगॅसची शेगडी घ्या. टाकी स्वयंपाकघरापासून फार लांब नको, पिण्याच्या विहिरीपासून किमान पंधरा मीटर हवी, आणि जवळ मोठे झाड नको, कारण मुळे भिंत फोडतात. उन्हात असलेली बरी.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: टाकीत कोणीही उतरायचे नाही. गाळ काढायला नाही, पडलेली बादली काढायला नाही, नाकाला रुमाल बांधूनही नाही. आत प्राणवायू नसतो आणि गंधकाचा विषारी वायू असतो. जास्त असला तर त्याचा वास येणेच बंद होते. एक जण उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तोही कोसळतो. गटारांत आणि टाक्यांत माणसे अशीच जोडीने गेली आहेत. गळती शोधायची तर साबणाचा फेस लावा, काडी नाही. पहिल्यांदा भरलेल्या टाकीतला गॅस हवेत सोडून द्या आणि पेटवून बघायचे ते शेगडीवर, टाकीच्या तोंडाशी नव्हे.

गॅसइतकेच, माझ्या मते त्याहून जास्त, मोल त्या रबडीचे आहे. ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी आत गेले की तेवढीच रबडी रोज दुसऱ्या तोंडाने बाहेर येते. गावठाणातल्या चिंचोळ्या परसात हे रोजचे शंभर लिटर ठेवायचे कुठे, हा प्रश्न टाकी बांधण्याआधी सोडवा, नाहीतर शेजारी सोडवतील. मळ्यात राहणाऱ्याला तो प्रश्नच नाही. गॅसबरोबर कर्ब जातो, नत्र रबडीतच राहते, आणि ते पिकाला लगेच उचलता येईल अशा रूपात असते. गोवऱ्या थापून जाळल्या तर हेच नत्र धुरात जाते. केळीच्या बुंध्यापासून थोडे अंतर सोडून, पाणी मिसळून ही रबडी द्या. ठिबकच्या नळीत मात्र थेट सोडू नका. नुसत्या कापडाने गाळून भागत नाही, वाळूची गाळणी लागते, नाहीतर ड्रीपर तुंबलेच समजा. नको असेल तर खड्ड्यात पालापाचोळ्यावर ओता, दोन-तीन महिन्यांत खत तयार.

संडासाची जोडणी द्यावी का, असे हळू आवाजात विचारणारे भेटतात. देता येते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी या दिशेने प्रयोग केले. देहूच्या आरोग्य केंद्रात १९५९ साली रुजू झालेले डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी संडासाला जोडलेले 'मलप्रभा' संयंत्र विकसित केले आणि त्यासाठी आयुष्य दिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गॅस जळतो तेव्हा त्यात ना मैला असतो ना जंतू. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे मन तयार नसेल तर भांडण करू नका, शेणावर सुरू करा. आणि जोडलीच तर ती रबडी भाजीपाल्याला कच्ची घालू नका.

या गॅसने सगळे होते असेही नाही. बामणोदच्या वांग्याचे भरीत कपाशीच्या काड्यांवरच भाजायचे. गॅसवर भाजलेल्या वांग्याला कोणाला भरीत म्हणायचे असेल तर म्हणो बापडे. खापरावरच्या मांड्यांनाही लाकडाचा जाळ हवा. सणावारी चूल पेटू द्या, काही बिघडत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ डोळे चोळत फुंकणी घेऊन बसायचे ते बंद झाले पाहिजे.

मोठ्या प्रकल्पांच्या बातम्याही तुम्ही वाचत असाल. जळगावजवळ जैन उद्योगसमूहाच्या कारखान्यात फळे आणि कांदा प्रक्रियेतून उरलेल्या मालापासून बायोगॅस आणि त्यातून वीज होते. आपल्याच रस्त्याने बऱ्हाणपूर-खंडवा करत पुढे गेले की इंदूर लागते. तिथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो आणि त्याच्या गॅसवर शहराच्या बस धावतात. यंत्रे पैशाने मिळतात. इंदूरला ते जमले, कारण तिथल्या बायका-पुरुषांनी ओला कचरा घरातच वेगळा करायची सवय लावून घेतली. केंद्र सरकारने शहरी गॅसमध्ये असा जैविक गॅस मिसळायचे बंधन घातले असून २०२८-२९ पर्यंत ते ५ टक्क्यांवर जाणार आहे. उद्या कोणी कंपनी केळीची खोडे मागायला आपल्या बांधावर येईलही. आली तर फुकट देऊ नका. पण ती येईल म्हणून आज गोठ्यातले शेण थापत बसणे शहाणपणाचे नाही.

१९३६ च्या डिसेंबरात धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरवून दाखवले. तोवर अशी अधिवेशने शहरांत होत, खेड्यात झालेले हे पहिले. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, नंदलाल बोस यांनी इथल्याच बांबूंनी मंडप सजवला. त्या एका गोष्टीच्या अभिमानावर आपण फार वर्षे काढली. आता नवे काही करून दाखवायची वेळ आहे. नगरपरिषदेने बाजाराच्या दिवशी उरणारा भाजीपाला आणि केळी वेगळी उचलून एक मध्यम टाकी चालवून दाखवावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. ठेकेदार नेमताना टाकी बांधण्याचे पैसे थोडे आणि पाच वर्षे चालवण्याचे जास्त, असा करार करा. नाहीतर फीत कापल्यावर तिथेही गंजच धरेल.

घरगुती टाकीच्या अनुदानाची रक्कम आणि अटी बदलत असतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका. पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांना भेटा आणि मंजुरी हातात येण्याआधी काम सुरू करू नका. पालच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. जवळपासची एखादी चालू टाकी बघा, आणि ती बघायला जानेवारीत जा. जिवाणूंना ३० ते ३७ अंशांची ऊब आवडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा गॅस निम्म्यावर येतो. उन्हाळ्यात कोणाचीही टाकी चांगली चालते. बांधकाम थंडीत उरकून फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये पहिली भरण करा, शेजारच्या चालू टाकीतली दोन-चार बादल्या रबडी त्यात ओता, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत ज्योत धरेल. पावसाळ्यात खोदकाम काढू नका. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ओली भिंत तडकते.